हायडनच्या बॅरिटॉन ट्रिओंचे पुनर्वादन : एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाचे स्वरूप

मध्य युरोपातील एका शहरात जुन्या वाद्यांवर अठराव्या शतकातील संगीत वाजवणाऱ्या तीन वादकांनी संगीतकार जोसेफ हायडनचे बॅरिटॉन ट्रिओ, म्हणजे बॅरिटॉन या तंतुवाद्यासह तीन वाद्यांसाठीच्या रचना, मूळ वाद्यावर सादर करायचे ठरवले, त्या उपक्रमाची ही नोंद आहे. वादकांची, आयोजकांची आणि शहराची नावे येथे दिलेली नाहीत. त्यांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. तालमींच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे निर्णय कोणत्या क्षणी आणि कशाच्या आधारावर घेतले गेले हे जवळून पाहता आले. विस्मरणात गेलेले संगीत पुन्हा उभे करताना खरी अडचण बहुधा स्वरलेखनात नसते, ती वाद्याच्या शरीरात आणि ते ज्या जागेसाठी घडवले गेले त्या जागेत असते, हे या प्रकरणात फार स्पष्टपणे दिसले.

पार्श्वभूमी

बॅरिटॉन हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य आहे. त्याचा आकार आणि पुढच्या तारांची जुळणी साधारणपणे बास व्हायोला द गाम्बा (पुढे नुसते गाम्बा) या गजाने वाजवायच्या जुन्या वाद्यासारखी असते : सहा किंवा सात तातीच्या तारा आणि दांडीवर पडदे. मात्र त्याची दांडी मागून पोकळ आणि उघडी असते, आणि त्या पोकळीतून धातूच्या तारांचा दुसरा संच जातो. या मागच्या तारा सारंगीच्या तरफांप्रमाणे पुढच्या सुरांना प्रतिसाद देत झंकारतातच, शिवाय वादक डाव्या हाताच्या अंगठ्याने मागून त्या छेडूही शकतो. चार बोटे पुढच्या पडद्यांवर, उजव्या हातात गज आणि अंगठा मागे स्वतंत्रपणे खर्जातले स्वर छेडत असलेला, अशी ही रचना असल्यामुळे एकच माणूस गायकीही, म्हणजे मुख्य सुरावटही, सांभाळतो आणि स्वतःची साथही करतो.

हायडन १७६१ साली एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या सेवेत उपसंगीतप्रमुख म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी सत्तेवर आलेला प्रिन्स निकोलाउस हा स्वतः बॅरिटॉन वाजवीत असे आणि त्याला या वाद्याचे अक्षरशः वेड होते. १७६५ च्या अखेरीस त्याने हायडनला लेखी ताकीद दिली : रचनांकडे अधिक लक्ष द्यावे, विशेषतः प्रिन्सला स्वतः वाजवता येतील अशा रचना कराव्यात, कारण तशा आतापर्यंत फारच थोड्या आल्या आहेत. ताकीद परिणामकारक ठरली. ४ जानेवारी १७६६ च्या पत्रात प्रिन्सने तीन नव्या रचनांबद्दल समाधान व्यक्त करून हायडनला बारा डुकाट (सोन्याची नाणी) देण्याचा हुकूम केला आणि त्याच पत्रात तशाच आणखी सहा रचना ताबडतोब मागवल्या. पुढच्या सुमारे दहा वर्षांत बॅरिटॉन, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या सुराचे वाद्य) आणि चेलो यांच्यासाठीच्या ट्रिओंची संख्या वाढत गेली. होबोकेनने केलेल्या हायडनच्या रचनांच्या सूचीत त्यांना १२६ क्रमांक मिळालेले आहेत. दरबारातील व्हायोलिनवादक लुइजी टोमासिनी यानेही प्रिन्ससाठी असे ट्रिओ लिहिले.

१७७० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रिन्सचे लक्ष ऑपेराकडे वळले आणि बॅरिटॉनचे संगीत मागे पडले. १७९० मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर वारसाने वाद्यवृंदाचा बहुतेक भाग बरखास्त केला. वाद्य वाजवणारेच मोजके असल्याने या रचनांना बाजारपेठ नव्हती; त्यांतल्या काही व्हायोलिन किंवा बासरीसाठी बदललेल्या रूपात फिरत राहिल्या, बाकीच्या संग्रहांत पडून राहिल्या. विसाव्या शतकात हायडनच्या समग्र आवृत्तीमुळे संशोधित स्वरलेखन उपलब्ध झाले, थोड्या वादकांनी वाद्य पुन्हा हाती घेतले, आणि हायडनच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या सुमारास बॅरिटॉनच्या रचनांचा एकवीस सीडींचा संचही निघाला. म्हणजे हे संगीत आता हरवलेले नाही. पण ध्वनिमुद्रणात असणे आणि समोर बसून ऐकायला मिळणे यांत मोठे अंतर आहे, आणि या तिघांना ते अंतर कमी करायचे होते.

अडचण

वादकांपैकी एक गाम्बा वाजवीत असे, दुसरी व्हायोला आणि तिसरा चेलो. यापूर्वी त्यांनी काही ट्रिओ गाम्बावर बसवून वाजवले होते आणि श्रोत्यांना ते आवडलेही होते. एका लहान शरद महोत्सवाने त्यांना हायडनच्या अपरिचित रचनांचा पूर्ण कार्यक्रम मागितला, तेव्हा गाम्बावादकाने आग्रह धरला की या वेळी बॅरिटॉनशिवाय हे करायचे नाही.

त्याच्या आग्रहामागे कारण होते. या ट्रिओंत बॅरिटॉनचा भाग ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे उंच स्वरांसाठीच्या लेखनचिन्हात, लिहिलेला असतो, पण तो एक सप्तक खाली वाजतो. त्यामुळे कागदावर सर्वांत वर दिसणारी गायकी प्रत्यक्षात मधल्या सप्तकात, व्हायोलाच्या अगदी शेजारी आणि पुष्कळदा तिच्या खाली येते. तोच भाग व्हायोलिनला दिला की गायकी एकदम वर उडते, आणि हायडनने मुद्दाम साधलेला तिन्ही वाद्यांचा गडद, एकमेकांत मिसळलेला पोत नाहीसा होतो. गाम्बावर सप्तक बरोबर राहते, पण अंगठ्याने छेडायचे स्वर, जे स्वरलेखनात काही ठिकाणी आकड्यांनी दाखवलेले आहेत, ते गाळावे लागतात किंवा चेलोच्या छेडीवर ढकलावे लागतात. तरफांची आस तर मिळतच नाही. माझ्या दृष्टीने हा युक्तिवाद निर्णायक होता : ज्या स्वरांसाठी वाद्य घडवले गेले, तेच स्वर वगळून त्या वाद्याची रचना सादर करण्यात फारसा अर्थ नाही.

पण वाद्य कोठून आणायचे, ते वाजवायला कोण आणि किती दिवसांत शिकणार, धातूच्या तारा कोणत्या स्वरांत लावायच्या, आणि त्या लावल्यावर कार्यक्रमात कोणत्या रचना घेता येतील, हे सगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले होते. एकाचे उत्तर ठरवले की दुसऱ्याची उत्तरे आपोआप मर्यादित होत होती.

विचारात घेतलेले पर्याय

वाद्याबाबत पहिला विचार अर्थातच अस्सल जुन्या नमुन्याचा झाला. प्रिन्स निकोलाउसचे, योहान योसेफ श्टाडलमान याने १७५० साली व्हिएन्नात घडवलेले बॅरिटॉन बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण अशा वाद्यांवर पुन्हा पूर्ण ताणाने तारा चढवणे संवर्धनाच्या दृष्टीने धोक्याचे असते. तातीच्या तारांचा ताण एका बाजूला आणि मागच्या धातूच्या तारांचा दुसऱ्या बाजूला, असा दुहेरी भार उघड्या, पोकळ दांडीला सोसावा लागतो, आणि अडीच शतकांच्या लाकडाकडून ती अपेक्षा कोणी करू नये. वादकांनी दुसऱ्या एका संग्रहात एक जुने वाद्य पाहिले, परवानगीने मापे घेतली आणि तो विषय तेथेच सोडला. ते योग्यच झाले.

नवे वाद्य घडवून घेणे खर्चाचे होते आणि महोत्सवाच्या तारखेआधी ते हाती येण्याची शाश्वती नव्हती. राहिला मार्ग उसन्या प्रतिकृतीचा. एका वाद्यनिर्मात्याकडे जुन्या नमुन्यावरून केलेले बॅरिटॉन होते. ते काही महिने देण्यास तो तयार झाला, मात्र सूर आजच्या प्रचलित पट्टीपेक्षा खाली लावावा आणि धातूच्या तारा त्याला विचारल्याशिवाय बदलू नयेत, अशा अटी त्याने घातल्या.

वादकाबाबत चेलोवादकाचे नाव एकदा पुढे आले, कारण त्याचा डावा हात अधिक बळकट होता. तरीही गाम्बावादकच निवडला गेला. पडदे, सहा तारांची जुळणी आणि गज खालून धरण्याची पद्धत त्याच्या अंगवळणी होती. ज्या एका गोष्टीची त्याला सवय नव्हती ती अंगठ्याची होती : गाम्बावर अंगठा दांडीमागे टेकून बोटांना आधार देतो, बॅरिटॉनवर त्याच अंगठ्याला आधाराचे काम सोडून तारा छेडाव्या लागतात, आणि बोटांनी आधाराविना पडद्यांवर दाब द्यावा लागतो.

रचनांची निवड हा सर्वांत जास्त चर्चेचा विषय ठरला. व्हायोलावादकाला तीन ट्रिओ हवे होते. क्रमांक ९७ हा डी मेजर या पट्टीतला, प्रिन्सच्या वाढदिवसासाठीचा, सात भागांचा आणि शेवटी फ्यूग (एकच सुरावट, म्हणजे विषय, वाद्ये एकामागून एक उचलत एकमेकांत गुंफतात असा रचनाप्रकार) असलेला. बहुतेक ट्रिओ तीन भागांचे असल्याने हा त्यांच्यात वेगळाच उठून दिसतो. क्रमांक ९६ हा बी मायनरमधला असून त्याची सुरुवात संथ लार्गोने होते. क्रमांक १०१ हा सी मेजरमधला. त्याचा शेवटचा भाग तीन विषयांचा फ्यूग आहे. एका राजपुत्राच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या संगीतात हायडन किती गंभीर काम करीत होता, हे दाखवायला यांच्याइतकी चांगली निवड सापडणे कठीण.

पण तारांचे गणित आडवे आले. मागच्या तारा मोकळ्याच छेडायच्या असल्याने त्यांचा स्वर वाजवताना बदलता येत नाही; त्या आधीच एका स्वरसप्तकात लावून ठेवाव्या लागतात. डी मेजर आणि बी मायनर यांचे स्वर, बी मायनरमधील ए शार्पसारखे अपवाद सोडले तर, सारखेच आहेत, म्हणजे ९७ आणि ९६ एकाच जुळणीत बसतात. सी मेजरसाठी मात्र एफ शार्प आणि सी शार्पच्या सगळ्या तारा, ज्या सप्तकांत त्या असतील तेथे, अर्ध्या स्वराने उतरवाव्या लागतात. हायडनने म्हातारपणी सांगितलेली एक आठवण येथे आठवते : प्रिन्स एकाच पट्टीत वाजवतो हे पाहून त्याने काही महिने रात्री बॅरिटॉनचा सराव केला आणि निरनिराळ्या पट्ट्यांत वाजवून दाखवले, तेव्हा प्रिन्स एवढेच म्हणाला की, हे तुला यायलाच हवे. प्रिन्सच्या त्या निरुत्साहाचे कारण केवळ मत्सर असेल असे मला वाटत नाही. ज्याच्या वाद्यामागे धातूच्या तारा एका सप्तकात घट्ट लावलेल्या आहेत, त्याला पट्टी बदलण्याचे आकर्षण कमीच असणार.

घेतलेले निर्णय आणि कृती

प्रतिकृती उसनी घेतली गेली आणि निर्मात्याच्या सर्व अटी मान्य करण्यात आल्या. पहिल्या टप्प्यात गाम्बावादकाने मागच्या तारांना हात न लावता फक्त पुढच्या तारांवर वाजवायचे, आणि डाव्या हाताची नवी ठेवण पक्की झाल्यावरच अंगठ्याचे स्वर घ्यायचे, असा क्रम ठरला. चेलोवादकाला हा क्रम संथ वाटला. त्याचे म्हणणे होते की अंगठा सुरुवातीपासून गुंतवला नाही तर तो पुढे उपरा राहील. पुढे काय झाले हे पाहता त्याच्या म्हणण्यात तथ्य होते.

तिघांच्या तालमी सुरू झाल्यावर समतोलाचा प्रश्न समोर आला. बॅरिटॉनचा आवाज अपेक्षेपेक्षा मृदू होता आणि गायकी मधल्या सप्तकात असल्याने व्हायोला जराशी मोकळी वाजली की ती झाकली जाई. व्हायोलावादकाने यावर जो उपाय केला तो मला या सगळ्या उपक्रमातील सर्वांत सुज्ञ निर्णय वाटतो. तिने फक्त हळू वाजवण्याऐवजी गज तारेवर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून दूर, अधिक हलका आणि वेगाने फिरवला, आणि जेथे व्हायोला बॅरिटॉनच्या वर जाते तेथे स्वर लांबवणे टाळले. चेलोने शेवटच्या स्वरांना लवकर सोडायला सुरुवात केली. त्यामुळे मागच्या तारांची आस ऐकू येण्यासाठी जागा निर्माण झाली. ती आस हा बॅरिटॉनचा जीव आहे, आणि साथीदारांनी स्वर ताणून धरले की तीच सर्वांत आधी हरवते.

कार्यक्रमाचा क्रम ठरवताना मतभेद झाले. व्हायोलावादकाला वाढदिवसाचा ट्रिओ शेवटी हवा होता, कारण सात भागांनंतरचा फ्यूग हाच कार्यक्रमाचा नैसर्गिक कळस होता. तसे करायचे तर सी मेजरचा १०१ आधी वाजवावा लागणार आणि मध्यंतरात तारा अर्ध्या स्वराने चढवाव्या लागणार. गाम्बावादकाला उलट हवे होते : आधी डी मेजर, मग तारा उतरवून सी मेजर. त्याचे म्हणणे असे की, नुकत्याच ताणलेल्या तारा काही वेळ खाली घसरत राहतात, आणि घसरलेली तरफ बेसूर वाजते तेव्हा ती थांबवायला हात मोकळा नसतो. शेवटी कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा विचार वरचढ ठरला आणि १०१ पहिला ठेवण्यात आला.

जागेबाबत निवडीला वाव कमी होता. महोत्सवाने शहरातील एक मोठे चर्च आधीच निश्चित केले होते. प्रिन्सच्या खोलीसाठी लिहिलेले संगीत दगडी कमानींखाली कसे लागेल याची शंका तिघांनाही होती, म्हणून त्यांनी आयोजकांकडे दुसऱ्या दिवशी एका जुन्या वाड्यातील छोट्या दालनात, शंभराच्या आत श्रोते मावतील अशा ठिकाणी, तोच कार्यक्रम पुन्हा करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. ध्वनिवर्धक वापरायचा नाही, यावर मात्र कोणाचे दुमत नव्हते.

परिणाम

चर्चमधील कार्यक्रमाला गर्दी झाली. सी मेजरच्या ट्रिओचा फ्यूग प्रतिध्वनीत पुसट झाला; तीन विषय एकमेकांवर चढले की पाठीमागच्या रांगांपर्यंत केवळ एक गुंजन पोहोचत असावे. अंगठ्याने छेडलेले स्वर पहिल्या काही रांगांपलीकडे फारसे ऐकू गेले नाहीत. मध्यंतरात तारा चढवल्या गेल्या, आणि गाम्बावादकाने जे सांगितले होते तेच घडले. बी मायनरच्या लार्गोत जुळणी ठीक होती, पण चर्चमधली हवा श्रोत्यांमुळे हळूहळू गरम होत होती. धातू तापमानाने बदलतो, तात आर्द्रतेने, आणि दोघांचा बदल एकाच दिशेने होईल याची खात्री नसते. वाढदिवसाच्या ट्रिओतील दुसऱ्या अडाजिओपर्यंत (संथ भागापर्यंत) मागच्या काही तारा उतरल्या होत्या. वादकाने त्या छेडणे सोडून दिले आणि पुढचे भाग जवळजवळ गाम्बाप्रमाणे वाजवले. श्रोत्यांना बहुधा ते कळले नाही. वादकांना मात्र पूर्ण कळले होते.

त्या रात्री तिघांनी दालनातील कार्यक्रम बदलायचे ठरवले. १०१ वगळला आणि त्याच्या जागी डी मेजरमधील एक छोटा ट्रिओ घेतला, ज्यामुळे संपूर्ण संध्याकाळ एकाच जुळणीत पार पडणार होती. वाढदिवसाचा ट्रिओ शेवटीच राहिला. महोत्सवाने छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेशी हे जुळत नव्हते, आणि आयोजकांपैकी एकाने त्याबद्दल नाराजीही व्यक्त केली, पण गाम्बावादकाने सुरुवातीला उभे राहून कारण समजावून सांगितले आणि मागच्या तारा एकेक करून छेडून दाखवल्या.

दालनात सगळेच पालटले. तारा दुपारपासून त्याच स्वरांत असल्याने स्थिर होत्या. पहिल्या संथ भागात गजाचा स्वर थांबल्यावर मागून राहणारी आस शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होती, आणि अंगठ्याचे स्वर आले तेव्हा लोक मान पुढे करून दांडीच्या मागे पाहू लागले. व्हायोला आणि बॅरिटॉन एकाच उंचीवर एकमेकांत गुंफले जाताना कोणाची ओळ कोणाची हे क्षणभर कळेनासे व्हावे, हा जो या ट्रिओंचा खास आनंद आहे, तो त्या संध्याकाळी पुरेपूर मिळाला. सातही भाग ऐकताना मला प्रकर्षाने जाणवले की हे संगीत सभागृहाकडे तोंड करून उभेच नाही. ते वाजवणाऱ्याकडे तोंड करून लिहिलेले आहे, आणि श्रोता त्याच्या जवळ येऊन बसला तरच त्याला त्यात वाटा मिळतो.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा क्रमाचा. रचना आधी निवडून मग तारांची सोय पाहिली गेली. ते उलट व्हायला हवे होते. बॅरिटॉनचा कार्यक्रम आखताना आधी एक जुळणी ठरवावी आणि मग त्या जुळणीत बसणाऱ्या रचना शोधाव्यात. हायडनच्या ट्रिओंत डी मेजर आणि त्याच्या जवळच्या पट्ट्या इतक्या विपुल आहेत की यामुळे निवड कंगाल होत नाही. १०१ सारखी रचना सोडवत नसेल तर ती स्वतंत्र कार्यक्रमात, सी मेजरच्या जुळणीत आणि कोरड्या ध्वनीच्या खोलीत ठेवणे हा तिला खरा न्याय ठरेल.

दुसरा मुद्दा अंगठ्याचा. तो उशिरा गुंतवल्यामुळे चर्चमध्ये पहिल्याच अडचणीला वादकाला तो सोडून देणे सोपे गेले. अंगठा सुरुवातीपासून तालमीत असता, तर एखादी बेसूर तार टाळून शेजारच्या तारेने काम भागवण्याची सवय त्याला झाली असती. याबाबत तिघांचे अजून पूर्ण एकमत नाही. व्हायोलावादकाच्या मते तसे केले असते तर डाव्या हाताच्या चुकाच पक्क्या झाल्या असत्या.

जागेबद्दल आयोजकांशी बोलणे फार उशिरा झाले. करार होण्यापूर्वी त्यांना वाद्य प्रत्यक्ष ऐकवले असते, तर मोठ्या चर्चमध्ये एकदा वाजवण्याऐवजी छोट्या दालनात एकाच दिवशी दोनदा वाजवण्याचा प्रस्ताव मांडता आला असता. श्रोत्यांची एकूण संख्या फारशी कमी झाली नसती.

वाद्याची मुदत निर्मात्याने वाढवून दिली आहे. पुढच्या कार्यक्रमासाठी ८९, ९० आणि ९१ या क्रमांकांचा विचार सुरू आहे. या तीन ट्रिओंत व्हायोलाच्या जागी व्हायोलिन आहे, त्यामुळे बॅरिटॉनच्या गायकीला मधल्या सप्तकात जास्त मोकळी जागा मिळेल असा वादकांचा अंदाज आहे. या वेळी तारांची जुळणी आधी तपासली जात आहे. कार्यक्रमातील रचना आणि त्यांचा क्रम त्यानंतर ठरेल.